मुहतसिब ते अन्न निरीक्षक

बिर्याणीचे दुकान असो की सीख-कबाबची गाडी, आमच्या भागात पाटीवर 'हलाल' हा शब्द हमखास असतो. तो वाचला की आपण निर्धास्तपणे बाकावर बसतो आणि ताट मागवतो. कुरआनमध्ये मात्र खाण्याविषयी सांगताना चार ठिकाणी हा शब्द एकटा येत नाही. त्याला लागूनच 'तय्यब' हा दुसरा शब्द येतो. तय्यब म्हणजे स्वच्छ, निर्मळ, अंगी लागणारे. सूरह बकराच्या १६८ व्या आयतीत हे दोन शब्द जोडीने आले आहेत, आणि तेथे हाक केवळ मोमिनांना नाही, सर्व माणसांना आहे. आज पहिल्या शब्दाची पाटी गल्लोगल्ली दिसते. दुसऱ्या शब्दाची चौकशी मात्र आपण कधी करत नाही. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी जाऊन कोणी पाहत नाही, आणि सरकारी अधिकारी पाहायला आला तर 'त्रास द्यायला आला' असे म्हणतो.

मुस्लिम समाजाच्या इतिहासात या दुसऱ्या शब्दासाठी एक स्वतंत्र खाते होते, त्याला अधिकारी होता आणि त्याच्या कामाची पुस्तके होती, हे आज फार थोड्यांना ठाऊक आहे. तो इतिहास मराठीतून सांगावा, म्हणून हा लेख.

ओल्या धान्याचा ढीग

सहीह मुस्लिममधील एक हदीस प्रसिद्ध आहे. हजरत मुहम्मद (स.) मदिनेच्या बाजारातून जात असताना धान्याच्या एका ढिगाजवळ थांबले आणि त्यांनी ढिगात हात घातला. बोटांना ओल लागली. विचारल्यावर विक्रेता म्हणाला, पावसाने भिजले. यावर पैगंबरांनी विचारले की मग भिजलेले वर का ठेवले नाही, म्हणजे घेणाऱ्याला दिसले असते. आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे बजावले.

या छोट्या प्रसंगात तपासणीचे सगळे शास्त्र आले आहे. पाहणी प्रत्यक्ष हाताने झाली. आधी विचारणा झाली, निर्णय नंतर. पाऊस पडला हा विक्रेत्याचा दोष धरला गेला नाही. ओले धान्य कोरड्याखाली दडवले, हा दोष धरला गेला.

पुढे हजरत उमर (रजि.) यांच्या काळात बाजारावर देखरेख ठेवण्याचे काम अधिक नेमकेपणाने होऊ लागले. मदिनेच्या बाजाराचे काही काम त्यांनी शिफा बिन्त अब्दुल्लाह या लिहिता-वाचता येणाऱ्या स्त्रीकडे सोपवले होते, असे परंपरा सांगते. दुधाची गोष्ट तर आपल्याकडे मुलांनाही माहीत असते. रात्री गस्त घालताना उमर (रजि.) यांच्या कानावर मायलेकींचे बोलणे पडले. आई दुधात पाणी घालायला सांगत होती आणि खलिफा कुठे पाहतो आहे, असे म्हणत होती. मुलीचे उत्तर होते, खलिफा पाहत नसला तरी खलिफाचा रब पाहतो आहे. उमर (रजि.) यांनी त्या मुलीला आपली सून करून घेतले. न्यायी म्हणून नावाजलेले उमर बिन अब्दुल अझीझ हे तिच्याच मुलीचे पुत्र.

मुहतसिबाचे पुस्तक

अब्बासी काळापर्यंत या कामाला 'हिस्बा' हे नाव मिळाले आणि ते करणाऱ्याला 'मुहतसिब'. वजन-मापे, भेसळ, रस्त्यावरचे अडथळे, सार्वजनिक पाणी, हमामांची स्वच्छता हे त्याचे कार्यक्षेत्र. इ.स. १०५८ मध्ये वारलेल्या अल-मावर्दी यांनी राज्यकारभारावरील आपल्या ग्रंथात हिस्बावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. बाराव्या शतकात शामच्या अश-शैझरी यांनी तर मुहतसिबाने हातात घेऊन बाजारात जावे असे पुस्तकच तयार केले. त्यात एकेका धंद्याला एकेक प्रकरण आहे : पीठवाले, नानबाई, मासे तळणारे, हरीसावाले, भाजलेले मांस विकणारे, बावर्ची, हलवाई.

त्यातील काही नियम पाहावेत. नानबाईच्या दुकानाचे छत उंच असावे आणि धूर जाण्यास मोठी वाट असावी. कणीक मळणाऱ्याने पाय, गुडघे किंवा कोपर वापरू नये. त्याने अरुंद बाह्यांचा अंगरखा घालावा. बोलताना किंवा शिंकताना थुंकी कणकेत पडू नये म्हणून तोंडावर कापड बांधावे. घाम टपकू नये म्हणून कपाळावर पांढरी पट्टी बांधावी. दिवसा कणीक मळायची असेल तर माश्या हाकण्यासाठी शेजारी एक माणूस उभा करावा. बावर्च्यांनी भांडी गरम पाण्याने धुऊन झाकून ठेवावीत. मासे तळणाऱ्यांनी टोपल्या आणि परात रोज धुवाव्यात. हरीसाच्या देगा रात्रभर चुलीवर असतात. त्यात रात्री काही हलके मांस मिसळले जाऊ नये म्हणून मुहतसिबाने त्यांवर मोहोर लावावी आणि ती पहाटे आपल्यासमोर उघडायला लावावी. मांसाचे सारण भरणाऱ्यांच्या लबाड्या इतक्या की त्यांची दुकाने मुहतसिबाच्या बैठकीजवळच असावीत, असा सल्ला आहे.

हे नियम आठशे वर्षांहून जुने आहेत. जंतू नावाची गोष्ट तेव्हा कोणाला माहीत नव्हती. तरीही तोंडावरचे कापड आणि कपाळावरची पट्टी अनुभवातून सुचली होती. आज आपल्याला कारण ठाऊक आहे. नाकातले आणि हातावरच्या जखमेतले स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू अन्नात वाढले की जे विष तयार करतात, ते अन्न पुन्हा उकळले तरी नष्ट होत नाही. म्हणून ते अन्नात जाऊच नयेत, हाच उपाय.

या पुस्तकांतील आणखी दोन गोष्टी माझ्या दृष्टीने नियमांइतक्याच मोलाच्या आहेत. पहिली म्हणजे 'अरीफ'. एक माणूस सर्व धंदे जाणू शकत नाही, म्हणून मुहतसिबाने प्रत्येक धंद्यातून एक जाणकार आणि दयानतदार माणूस निवडावा आणि त्याच्या मदतीने त्या धंद्यावर लक्ष ठेवावे. नानबाईची खोड नानबाईच ओळखतो. दुसरी गोष्ट अधिकाराच्या मर्यादेची. मुहतसिबाने व्यापाऱ्यांकडून भेटी घेऊ नयेत, आणि जे उघड आहे तेवढेच पाहावे. संशयावरून कोणाच्या घरात डोकावणे, पाळत ठेवणे हे मावर्दी आणि गझाली (मृत्यू ११११) यांनी मुहतसिबाच्या कक्षेबाहेर ठेवले आहे. त्याचा संबंध बाजाराशी. माणसाच्या खाजगी आयुष्याशी नाही.

दिल्लीचा बाजार

बाजारावर नजर ठेवण्याची ही समज फक्त मुसलमानांची होती, असे मात्र कोणी समजू नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात बाजारासाठी 'संस्थाध्यक्ष' आहे, आणि धान्य, तेल-तूप, मीठ, औषध यांत तशाच दिसणाऱ्या हलक्या वस्तूची मिसळ करणाऱ्याला बारा पण दंड आहे. जेथे बाजार आला तेथे भेसळ आली, आणि भेसळीमागून तपासणारा आला.

आपल्या वऱ्हाडच्या वाटेने, एलिचपूरवरून, १२९६ मध्ये देवगिरीवर चालून गेलेला अलाउद्दीन खिलजी पुढे दिल्लीचा सुलतान झाला. त्याच्या बाजार-व्यवस्थेची हकिकत झियाउद्दीन बरनीने सविस्तर लिहिली आहे. धान्याच्या मंडीवर शहना म्हणून मलिक कबूल होता आणि इतर बाजारांवर याकूब नावाचा कडक अधिकारी. बरनी सांगतो की सुलतान लहान मुलांच्या हाती पैसे देऊन त्यांना रोटी, कबाब, हलवा आणायला पाठवी. अजाण पोराला दुकानदार हमखास कमी तोलून देतो, हे त्याला ठाऊक होते. आणलेला माल याकूबसमोर तोलला जाई, आणि जेवढे वजन कमी भरेल त्यापेक्षा जास्त मांस दुकानदाराच्या अंगातून कापले जाई.

बाजार सुतासारखा सरळ झाला. पण १३१६ मध्ये सुलतान वारला आणि ही सारी व्यवस्था त्याच्यामागे मोडून पडली. धाकावर उभी राहिलेली तपासणी धाक घालणाऱ्याच्या आयुष्याइतकीच टिकते. दुधात पाणी न घालणाऱ्या त्या मुलीवर कोणाचा पहारा नव्हता, हा फरक येथे ध्यानात घ्यावा.

मोगल काळात औरंगजेबाने १६५९ मध्ये मुल्ला इवज वजीह यांना मुहतसिब नेमले. पण तोवर या पदाचे लक्ष बावर्च्याच्या देगेपेक्षा दारू, भांग आणि लोकांच्या वागणुकीकडे अधिक वळले होते. फारसी आणि उर्दू शायरीत मुहतसिब भेटतो तो याच रूपात : दुसऱ्याचा प्याला फोडणारा आणि स्वतः लपून पिणारा ढोंगी. वर्गात गझल शिकवताना मुहतसिब या शब्दाचा अर्थ मुलांना असाच सांगावा लागतो. कणकेवरच्या माश्या हाकायला लावणारा अधिकारी शब्दाच्या अर्थातूनही हरवला, तो आपण मर्यादा सोडल्यामुळे. बाजार सोडून तो घरात डोकावू लागला आणि लोकांच्या मनातून उतरला.

लोकव्यवहारात मात्र तय्यबची एक खूण आपल्या डोळ्यांदेखत जिवंत होती. ती म्हणजे कल्हई. तांब्याच्या देगेत चिंच, दही, टोमॅटो असे आंबट पदार्थ शिजले की ते कळकतात, हे प्रत्येक बाईला ठाऊक असे. कल्हईवाला गल्लीत येऊन भाता लावी, भांडे तापवी, नवसागर टाकून कथिलाचा हात फिरवी आणि काळवंडलेली देग चांदीसारखी लखलखे. उस्मानी साम्राज्यात १५०२ मध्ये सुलतान बायझीद दुसरा याने बुरसा शहराच्या बाजारासाठी सविस्तर कायदा केला, त्यात मालाच्या दर्जाची आणि किमतीची कलमे होती. आपल्याकडे तसा लेखी कायदा नसेल, पण लग्नाआधी देगांना कल्हई झाली का, हे विचारणारे वडीलधारे घरोघर होते.

इंग्रजी कायद्यापासून आजपर्यंत

१८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम २७२ आणि २७३ ही दोन कलमे अपायकारक भेसळ आणि तसा माल विकण्याबद्दल होती. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. निजामाकडून १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आलेल्या वऱ्हाडात पुढे मध्य प्रांताचा १९१९ चा भेसळ प्रतिबंधक कायदा आला. प्रांतोप्रांती कायदे निराळे, त्यामुळे एका प्रांतात टाकाऊ ठरलेले तूप दुसऱ्या प्रांतात खपत असे. स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये संपूर्ण देशासाठी अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा झाला आणि १ जून १९५५ पासून लागू झाला. 'अन्न निरीक्षक' हा शब्द खेड्यापाड्यांत पोहोचला तो याच कायद्याने. महाराष्ट्रात १९७० पासून अन्न व औषध प्रशासन हे काम पाहते.

त्या काळची मोठी भेसळ होती तुपात वनस्पतीची. तिच्यावर उपायही मोठ्या युक्तीचा निघाला. प्रत्येक वनस्पती तुपात किमान पाच टक्के तिळाचे तेल घालणे सक्तीचे केले गेले. तिळाच्या तेलाला विशिष्ट रसायनांनी लाल रंग येतो. म्हणजे साजूक तुपात कोणी वनस्पती मिसळली की प्रयोगशाळेत ती स्वतःच लाल होऊन कबुली देई. हरीसाच्या देगेवरील मोहोर आणि वनस्पतीतील तीळ या एकाच जातीच्या कल्पना आहेत.

जुन्या कायद्याचा दोष असा की १९७६ च्या दुरुस्तीनंतर बहुतेक गुन्ह्यांना किमान सहा महिने कैद ठरली. अडाणी दूधवाला आणि मुद्दाम विष कालवणारा यांच्यात पुरेसा भेद उरला नाही. २००६ च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याने, जो ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आला, हा भेद केला. कमी दर्जाचे अन्न, चुकीचे लेबल, अस्वच्छ जागा यांना दंड. माणसाच्या जिवाला अपाय करणाऱ्या असुरक्षित अन्नाला कैद, आणि मृत्यू ओढवल्यास किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. गाडीवाल्यापासून मोठ्या हॉटेलापर्यंत प्रत्येकाला नोंदणी किंवा परवाना सक्तीचा झाला.

या कायद्यातील काही गोष्टी आपल्या हॉटेलवाल्यांनी आणि गिऱ्हाइकांनीही माहीत करून घ्याव्यात. अधिकारी नमुना घेतो तेव्हा त्याचे चार भाग करतो. एक विश्लेषकाकडे जातो, दोन वरिष्ठ अधिकाऱ्याकडे राहतात, आणि चौथा, दुकानदाराने मागणी केल्यास, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि त्याविरुद्ध अपील करता येते. अधिकाऱ्याने आकसाने, विनाकारण माल जप्त केला तर त्यालाच एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. गिऱ्हाईकही विकत घेताना दुकानदाराला तसे सांगून आणि शुल्क भरून पदार्थ तपासून घेऊ शकतो. मुहतसिबाला भेटी घेण्यास मनाई करणाऱ्या शैझरींना ही कलमे ओळखीची वाटली असती.

शाळांपर्यंतही ही तपासणी पोहोचली. बिहारमधील सारण जिल्ह्यात १६ जुलै २०१३ रोजी शाळेतील जेवणातून कीटकनाशक पोटात जाऊन २३ मुले दगावली. त्यानंतर पोषण आहार मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने चाखून पाहण्याच्या नियमाची अंमलबजावणी देशभर कडक झाली. आम्ही शिक्षक खिचडीचा घास घेऊन वहीत सही करतो तेव्हा काही क्षणांपुरते का होईना, आपण मुहतसिबच असतो.

आपली देग

फार दूर जायला नको. २० फेब्रुवारी २०२४ रोजी आपल्याच जिल्ह्यात, लोणार तालुक्यातील सोमठाणा येथे हरिनाम सप्ताहातील एकादशीच्या प्रसादातून शेकडो लोकांना विषबाधा झाली. बीबीच्या ग्रामीण रुग्णालयात जागा पुरेना, तेव्हा उघड्यावर झाडांना दोऱ्या बांधून त्यांवर सलाईनच्या बाटल्या लटकवाव्या लागल्या. ते चित्र साऱ्या देशाने पाहिले. प्रसाद करणाऱ्यांच्या मनात भक्तीच होती. पण भक्तीने अन्न निर्जंतुक होत नाही.

आपल्या वलिम्याला, उरुसाच्या न्याजला हेच लागू आहे. भात शिजला तरी बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू मरत नाहीत. दुपारी उतरवलेली देग कोमट अवस्थेत रात्रीपर्यंत राहिली की ते वाढतात, आणि त्यांचे एक विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. अन्न एक तर साठ अंशांच्या वर गरम असावे, नाही तर पाच अंशांच्या खाली थंड. मधला पट्टा धोक्याचा. झर्द्यात आणि जिलेबीत मेटॅनिल यलोसारखा मनाई असलेला रंग वापरला तर तो तीव्र आम्लाच्या थेंबाने किरमिजी होतो, हा प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेतही दाखवता येतो. कर्नाटकात २०२४ मध्ये सरकारने कबाबमध्येही कृत्रिम रंग घालण्यास बंदी केली. जनावर हलाल पद्धतीने जबह झालेले आणि रंग विषारी, अशा ताटाला काय म्हणावे?

येथे एक दुखरी गोष्टही बोलली पाहिजे. एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीत, मुसलमान भाजीवाले-फळवाले मालावर थुंकतात अशा चित्रफिती पसरवल्या गेल्या. अनेक जुन्या किंवा भलत्याच ठिकाणच्या निघाल्या, पण गरीब हातगाडीवाल्यांची रोजी बुडायची ती बुडाली. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरील दुकानदारांना मालकाचे नाव ठळकपणे लावण्यास सांगितले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलै रोजी त्याला स्थगिती दिली. कोणते पदार्थ मिळतात ते दाखवायला सांगता येईल, मालकाचे नाव लावण्याची सक्ती करता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. अन्न परवाना दर्शनी भागी लावणे सर्वांनाच बंधनकारक आहे आणि त्याला कोणाचाच विरोध नाही. पण स्वच्छतेचे नाव पुढे करून माणसाची जात-जमात तपासणे ही हिस्बा नव्हे. ती मावर्दींनी निषिद्ध मानलेली टेहळणी आहे.

अशा काळात आपल्या लोकांना प्रत्येक तपासणीत आकस दिसू लागतो, हे मी समजू शकतो. तरीही आकसाच्या भीतीने तपासणीच नाकारली, तर नुकसान आपल्याच लेकरांचे आहे, कारण त्या देगेतून पहिला घास तीच खातात. नोंदणीचा कागद भिंतीवर असेल, पाण्याची टाकी धुतलेली असेल, हातमोजे आणि डोक्यावर टोपी असेल, तर अफवेला उत्तर देण्याचे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे काम न्यायालयात आणि वर्तमानपत्रांत करावे लागेल, ते करू.

म्हणून एक सूचना. पैनगंगेकाठच्या देऊळघाटसारख्या प्रत्येक गावात देगा लावणारे बावर्ची आहेत, हॉटेलवाले आहेत, खाटिक आहेत, दूधवाले आहेत. त्यांनी सरकारची वाट न पाहता आपापल्या धंद्यातून एक अरीफ निवडावा. त्याने वर्षातून दोनदा सर्वांची भांडी, पाणी, नोंदणीची मुदत आणि कामगारांची वैद्यकीय तपासणी पाहावी आणि चूक चारचौघांत न सांगता एकट्याला सांगावी. जुम्म्याच्या खुतब्यात कधी तरी ओल्या धान्याची हदीस देगेच्या संदर्भात सांगितली जावी. शाळांनी चव-नोंदीची वही केवळ सहीपुरती ठेवू नये.

यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. पाटीवरचा एक शब्द रंगाऱ्याकडून लिहून घेता येतो. दुसरा शब्द रोज सकाळी गरम पाण्याने भांडी घासूनच मिळवावा लागतो.